मृग लागला की कोंबड्यांच्या शेडला वास: लिटर दरसाल ओलं का होतं, आणि धुवायला-वाढवायला सोपं शेड कसं बांधायचं

आर्द्राचा दुसरा-तिसरा पाऊस झाला की आमच्या शेडमधून वास सुटायचा. दार उघडून आत वाकलं की डोळे चुरचुरायचे. कोंबड्यांखाली अंथरलेलं तूस, म्हणजे लिटर, वरून कोरडं दिसायचं, पण खोऱ्यानं उचललं की पोळीसारखी अखंड खपली निघायची आणि तिच्याखाली काळपट, चिकट ओल. तरण्या पावसात पिल्लं मलूल व्हायची, म्हाताऱ्या पावसात शिटेत रक्त दिसायचं. मग दवाखाना, औषध, नवीन तूस, चार दिवस बरं, आणि पुन्हा तेच. सलग तीन पावसाळे हे भोगलं. चौथ्या वर्षी शेड उलगडून पुन्हा बांधलं आणि त्यानंतर आजपर्यंत पावसाळ्यात वास नाही.

परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या बाजूच्या बऱ्याच बायका हल्ली गावरान नाहीतर गिरिराज-वनराजा या सुधारित जातींच्या कोंबड्या पाळायल्यात. पावसाळा आला की सगळ्यांचा एकच प्रश्न असतो: "ताई, तूस बदललं तरी वास का जात नाही?" म्हणून हे सविस्तर लिहिते.

माझं म्हणणं थोडक्यात असं. शेड घाण राहतं ते झाडलोट कमी पडते म्हणून नव्हे. पाणी कुठून येतं ते आपण शोधत नाही, आणि शेड असं बांधतो की झाडायचं म्हटलं तरी हात पोचत नाही. त्यात वाढवताना जी जोडणी करतो, ती सगळ्यात जास्त घात करते.

आमचं कुठं चुकलं होतं

पहिलं शेड १० बाय १२ फुटांचं होतं. जुन्या माळवदाच्या घराची मागची भिंत एका अंगाला धरली, बाकी तीन बाजूंना अडीच फूट विटा आणि वर जाळी. ४० पक्षी होते तोवर काही त्रास नव्हता. अंड्यांना गिऱ्हाईक वाढलं म्हणून दुसऱ्या वर्षी पुढच्या अंगाला पडवी काढली. मूळ पत्रा एका दिशेला उतरता, पडवीचा उलट्या दिशेनं, आणि दोन्हीच्या मधे पत्र्याचीच पन्हळ ठोकली. वळचणीचं पाणी वळचणीलाच पडलं पाहिजे. आम्ही ते शेडच्या मधोमध आणून ठेवलं.

वारा-वावटळीत पन्हळीत कडुनिंबाचा पाला साचायचा. मोठी सर आली की पन्हळ भरून पाणी आत उतरायचं. धार लागली असती तर लगेच कळलं असतं. पण ते पत्र्याच्या खालच्या अंगानं, पाईपावरून ओघळत जायचं आणि थेंब-थेंब तुसावर पडायचं. आम्हाला वाटायचं, कोंबड्यांनीच पाणी सांडलं.

पडवीमुळं शेडची रुंदी दुप्पट झाली आणि आरपार वारा बंद झाला. मधल्या भागात दिवसाही अंधार. कोंबड्या सगळ्या तिथंच बसायच्या, कारण तिथं ऊन-वारा लागत नव्हता.

ओल किती असते याचा अंदाज घ्या. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम ओली शीट टाकते आणि तिच्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. म्हणजे ६० कोंबड्या रोज जवळपास ५ लिटर पाणी शेडमध्ये टाकतात, एक थेंब पाऊस न पडता. उन्हाळ्यात वारा ते वाळवून नेतो. पावसाळ्यात हवाच दमट असते, वारा अडलेला असतो, आणि वरून पन्हळ गळते. मग तूस वाळणार कधी?

आणखी एक गोष्ट आपल्याकडची. आखाडात कोंबड्यांना मागणी असते तोवर शेड हलकं राहतं. श्रावण लागला की विक्री थंडावते. राहिलेले पक्षी तिथंच वाढतात, रोज जास्त खातात, जास्त शीट टाकतात. वर्षातल्या सगळ्यात ओल्या महिन्यात शेडमध्ये सगळ्यात जास्त गर्दी होते ती अशी. हिशेब करताना जूनमधली संख्या धरू नका, श्रावणातली धरा.

आधी पाणी कुठून येतं ते शोधा

नवीन तुसाचं पोतं फोडायच्या आधी हे करा. एक दिवस जातो, पण पुढचे चार महिने वाचतात.

सकाळी लवकर, पडदे उघडायच्या आधी आत जा आणि कोंबडीच्या उंचीला खाली बसा. उभं राहून वास कळत नाही. वास तुसातून उठतो आणि कोंबडी दिवसरात्र त्यातच श्वास घेते. मग दर दोन-तीन फुटांवर तूस मुठीत घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर तूस ओलं. हळूहळू सुटून विस्कटला तर बरोबर. धरलंच गेलं नाही, नुसती धूळ उडाली, तर फार कोरडं, तेही पिल्लांच्या छातीला चांगलं नाही. ओल्या जागांवर भिंतीवर खडूनं खूण करत जा. सगळ्या खुणा झाल्या की बाहेर या आणि नीट बघा.

खुणा पाण्याच्या भांड्यांभोवती गोल पडल्या असतील तर भांड्याचा दोष. भिंतीलगत पट्टा असेल तर पागोळ्यांचे शिंतोडे आत येतात. छपराच्या सांध्याखाली सरळ रेघ असेल तर पत्रा गळतो. आणि सगळीकडे सारखीच ओल असेल तर गर्दी जास्त किंवा वारा कमी.

राहिली ती जमिनीतून वर येणारी ओल. ती नजरेला दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी वेगळी परीक्षा. खताच्या पोत्यात आतून प्लास्टिकची पिशवी असते, ती उभी फाडून धुऊन घ्या. ओल्या जागेचं तूस बाजूला ओढा, जमीन खरवडा, त्यावर प्लास्टिक पसरा, चारी कडांवर विटा ठेवा आणि वर कोरडं तूस टाका. संध्याकाळी ठेवलं की सकाळी उचलून बघायचं. प्लास्टिकच्या खालच्या अंगाला दवासारखे थेंब असतील तर पाणी जमिनीतून येतंय. वरून कितीही उपाय केले तरी फरक पडणार नाही. खालचं अंग कोरडं आणि वरचं तूस ओलं असेल तर पाणी वरून किंवा बाजूनं येतंय.

आमच्याकडं दोन जागी प्लास्टिक ठेवलं आणि दोन्हीकडची उत्तरं वेगळी आली. पन्हळीखाली ओल वरून. माळवदाच्या भिंतीजवळ मात्र प्लास्टिक उचललं तर खालून पाणी निथळत होतं. मागच्या वावराचा उतार त्या भिंतीकडं होता, काळ्या मातीत मुरलेलं पाणी भिंतीच्या पायातून आत झिरपत होतं. तीन वर्षं आम्ही त्या कोपऱ्यात तूस ओतत होतो. आत्याबाई पहिल्याच वर्षी म्हणाल्या होत्या, "अगं, पाणी कुठून यायलंय ते बघ आधी. नुसतं तूस किती टाकायलीस?" तेव्हा ऐकलं असतं तर बरीच पिल्लं वाचली असती.

पाऊस चालू आहे आणि शेड आत्ताच ओलं आहे, तर

बांधकाम दिवाळीनंतर होईल, पण आजचं आज करायलाच हवं. ओल्या खपल्या उचलून बाहेर टाका. त्या फोडून कोरड्या तुसात मिसळू नका, सगळंच बिघडतं. उरलेलं तूस पक्षी बाहेर सोडल्यावर खालीवर करा आणि कोरड्याची भर घाला. पाण्याची भांडी पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला आणा आणि पक्षी वाढतील तसं दर आठवड्याला वर घ्या. भांडं खाली राहिलं की कोंबडी चोच भरून पाणी उडवते. भांड्याखाली जाळीची चौकट आणि चौकटीखाली परात ठेवली तर सांडलेलं पाणी तुसात जात नाही.

चुन्याबद्दल नीट सांगते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. वास आला की आपण चुना टाकतो. पण ओल्या लिटरवर चुना पडला की त्यात धरून राहिलेला अमोनिया उलट मोकळा सुटतो. मी दोन घमेली चुना टाकला त्या रात्री वास दुप्पट झाला आणि सकाळी कोंबड्यांचे डोळे पाणावलेले होते. चुना रिकाम्या शेडसाठी ठेवा, तिथं त्याच्यासारखा दुसरा उपाय नाही. पक्षी आत असताना वासावर उपाय दोनच: कोरडं तूस आणि वारा.

वाऱ्याचं म्हणाल तर, सर आली की सगळे पडदे वरपासून खालपर्यंत बंद करायची आपली सवय मोडा. पडदा खालच्या कडेला पक्का करा आणि वर चढवत न्या, म्हणजे पक्ष्यांच्या अंगावर गार वारा येत नाही, आणि वरचा फूट-दीड फूट कायम उघडा राहतो. दमट हवा आणि अमोनिया तिथून निघून जातो. वरून खाली सोडायचा पडदा बरोबर उलटं काम करतो: खाली फट राहते, वर कोंडतं.

शिटेत रक्त दिसलं की वाट बघू नका. तो बहुतेक वेळा कॉक्सीचा आजार असतो, म्हणजे रक्ती हगवण. साधारण तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना तो जास्त धरतो. त्याचे जंतू शिटेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच धोकादायक नसतात. ओल आणि ऊब मिळाली की दोन दिवसांत तयार होतात आणि तूस टोचणाऱ्या दुसऱ्या पिल्लाच्या पोटात जातात. म्हणून औषधानं आठवडाभर बरं वाटतं आणि ओल तशीच राहिली की पुन्हा सुरू. ताजी शीट कागदात घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, औषध आणि मात्रा त्यांनाच ठरवू द्या.

तूस कोणतं

आपल्याकडं भात फारसा नाही, त्यामुळं भाताचं तूस बाहेरून येतं आणि पावसाळ्यात ते मिळत नाही किंवा ओलं मिळतं. मृगाच्या आधीच पोती भरून फळ्यांवर रचून ठेवा. लाकडाचा भुसा शोषतो चांगला, पण लहान पिल्लं तो खातात, म्हणून पहिले काही दिवस वर कागद पसरतात. शेंगांची टरफलं चालतात. सोयाबीनचं भुसकट सगळ्यांच्या खळ्यावर असतं आणि फुकट असतं; आमचा अनुभव असा की बारीक कुटी करून टाकलं तर ठीक, लांब काड्या तशाच टाकल्या तर चटईसारखे थर बसतात आणि खालची ओल वर येत नाही. थर दोन-तीन इंचांचा पुरतो. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो हलवत राहणं.

नवीन शेड: जागा आणि दिशा

लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे लांब बाजू उत्तर-दक्षिण येतात आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत घुसत नाही. आपल्या चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात हे फार मोलाचं आहे. पावसाळ्याचा जोर पश्चिमेकडून असतो आणि दुपारनंतरचं ऊनही तिकडचंच. म्हणून पश्चिमेची छोटी बाजू छपरापर्यंत भिंत घालून कायमची बंद करा. पाण्याची टाकी, खाद्याची खोली त्याच टोकाला. शेड वाढायचं ते पूर्वेला, ती बाजू मोकळी ठेवायची. हे एकदा ठरलं की पुढचे सगळे निर्णय आपोआप सुटतात.

रुंदी १५ फुटांच्या वर नेऊ नका. मोठ्या फार्मवाल्यांची शेडं २५-३० फूट रुंद असतात, पण उंचीही तेवढी असते. आपल्याला कमी उंचीत आरपार वारा हवा. जागा कमी पडली तर लांबी वाढवा. बाजूला पडवी अजिबात काढू नका. आमची गोष्ट वर सांगितलीच आहे.

बांधायची मापं खणात धरा. आपल्या जुन्या घरांत चार खणी, पाच खणी म्हणायचे तसंच. आमचा एक खण १० फूट लांब आणि १५ फूट रुंद, म्हणजे १५० चौरस फूट. गावरान किंवा गिरिराजसारख्या पक्ष्याला दोन चौरस फूट धरले तर ७५ मावतात. मी पावसाळ्यात ६० च ठेवते.

जोतं, खांब आणि जमीन

काळ्या जमिनीवर बांधणाऱ्यांसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. आमचे गवंडी मामा म्हणाले, "ताई, काळीत खांब रोवला तर पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात भेगा पडल्या की हलतो. मुरमाला टेकवला तरच बसतो." आमच्याकडं मुरूम साडेतीन फुटांवर लागला. प्रत्येक खांबाचा खड्डा तिथपर्यंत नेला आणि काँक्रीट भरलं. जोत्याखालची काळी मातीही फूटभर काढून टाकली आणि मुरूम भरून धुम्मसनं ठोकला. जोतं भोवतालच्या जमिनीपेक्षा दीड फूट वर. मागच्या वावराच्या बाजूनं चर खणून पाणी वळवलं. त्या दोन गोष्टींनी प्लास्टिकखालचे थेंब गेले.

जमिनीला शहाबादी फरशी घालायचा मोह होईल, कारण आपल्याकडं ती सहज मिळते. नको. फरशीच्या सांध्यांत शीट अडकते, सांध्यातलं सिमेंट निघतं, खाली उंदीर-घुशी शिरतात. तीन इंचांचा अखंड कोबा करा. फार गुळगुळीत घोटू नका, पक्षी घसरतात. भिंत आणि जमीन जिथं भेटते तिथं सिमेंटचा वाटा मारून घ्या, म्हणजे काटकोन न राहता गोलाई येते. जुन्या शेडच्या कोपऱ्यांत मी खिळ्यानं खरवडत बसायची. आता खराटा एका दमात फिरतो आणि कोपऱ्यात काही उरत नाही.

उतार रुंदीच्या दिशेनं द्या, दर पाच फुटांना एक इंच, आणि नाली लांब बाजूच्या बाहेर. हे का, ते सांगते. उतार लांबीच्या दिशेनं दिला तर नवीन खण जोडताना एकतर त्याची जमीन आणखी खाली जाते, नाहीतर जुन्याचं पाणी नव्यात येतं. रुंदीला उतार असेल तर कितीही खण जोडा, सगळ्यांचा उतार एकच आणि नाली तीच, फक्त पुढं वाढवायची. छपराचा उतारही आम्ही त्याच बाजूला, उत्तरेला घेतला. दक्षिणेला उंची १० फूट, उत्तरेला ८. पत्रा दोन्ही बाजूंना तीन फूट बाहेर काढला, त्यामुळं पागोळ्या नालीपलीकडं पडतात आणि शिंतोडे आत येत नाहीत.

जुने पत्रे वापरणार असाल तर जुनी भोकं आधी बुजवा. नवीन स्क्रू नागमोडीच्या उंच भागावर, रबरी वायसर घालून. खोलगट भागात स्क्रू मारला की पाणी त्याच वाटेनं आत येतं.

भिंती

लांब बाजूंना एक फूट वीट, वर सगळी जाळी. मी आधी अडीच फूट भिंत घातली होती, कुत्र्या-मांजरांच्या भीतीनं. त्यामुळं पक्ष्याच्या उंचीला वाराच लागत नव्हता. भीतीवर उपाय जाळीचा: खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डमेश. षटकोनी पातळ जाळी कुत्रं फाडतं, आणि मुंगसाला तर जराशी फट पुरते.

तुराट्या-पऱ्हाट्यांचा कुड स्वस्त पडतो, गारही राहतो, पण कोंबड्यांना लावू नका. मातीची भेगाळलेली भिंतही नको. कोंबड्यांचे गोचीड दिवसा अशाच फटींत बसतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात. ते उपाशीपोटी महिनोन् महिने जगतात, त्यामुळं शेड रिकामं ठेवलं तरी मरत नाहीत. रात्री टॉर्च घेऊन दांड्यांच्या टोकाशी बघा. कोंबड्या विनाकारण वाळत असतील आणि तुरे फिके पडले असतील तर तिथं सापडतील. आमच्या माळवदाच्या भिंतीत ते होते.

पूर्वेची बाजू: नटबोल्टची भिंत

वाढवायच्या बाजूला वीट लावू नका, वेल्डिंगही करू नका. अँगलच्या तीन चौकटी, त्यात जाळी, आणि प्रत्येक चौकट खांबाला नटबोल्टनं. नवीन खण बांधायचा तर पुढचे खांब उभे करा, पत्रा टाका, कोबा वाळू द्या, आणि शेवटच्या दिवशी चौकटी सोडून पूर्वेच्या नव्या टोकाला लावा. तोपर्यंत जुन्या खणातल्या कोंबड्यांना धक्काही लागत नाही. बोल्टला ग्रीस लावून ठेवा. आमचे दोन गंजले होते, ते कापावे लागले.

छपराचे आडवे पाईप पूर्वेकडं एक फूट जास्त बाहेर ठेवा म्हणजे पुढचा पाईप जोडायला पकड मिळते. पाण्याच्या लाईनच्या टोकाला एंड कॅप बसवा. कॅप काढली की लाईन पुढं जाते, आणि एरवी तीच उघडून लाईन धुता येते. पुढच्या खणाचे खड्डे पहिल्या बांधकामातच भरून घेतले तर गवंड्याची एक खेप वाचते.

खणांच्या मधे जाळीची पार्टिशन आणि तिला लहान दार हवंच. त्यामुळं एक खण रिकामा करून धुता येतो, बाकीचे चालू राहतात. बाजारातून आणलेले नवे पक्षी मात्र या शेजारच्या खणात ठेवू नका. ते दोन-तीन आठवडे घराच्या दुसऱ्या अंगाला, वेगळ्या भांड्यांत. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच परभणी जिल्ह्यात, मुरुंब्याला, बर्ड फ्लू आला होता. तेव्हापासून आमच्या दारात चुन्याची परात आणि शेडच्या वेगळ्या चपला आहेत.

आतलं सामान

जमिनीला पाय टेकून काहीही उभं राहू नये, हा एकच नियम पाळा. खाद्याची भांडी, पाण्याची भांडी छपराच्या पाईपाला दोरीनं टांगलेली. झाडायच्या दिवशी दोऱ्या वर ओढल्या की जमीन मोकळी. बसायच्या दांड्या शिडीसारख्या एका चौकटीत ठोकलेल्या आणि चौकट भिंतीच्या हुकांत अडकवलेली. दोन माणसं ती उचलून बाहेर उन्हात ठेवतात. प्रत्येक पक्ष्याला आठ इंच दांडी लागते. कोंबडी रात्री बरीच शीट टाकते आणि ती दांडीखालीच पडते. म्हणून दांड्यांखाली आम्ही पत्र्याचे ट्रे सरकवले आहेत. ते रोज सकाळी उकंड्यावर रिकामे होतात, म्हणजे निम्मी घाण तुसात पोचतच नाही. एवढ्या एका ट्रेनं जो फरक पडला तो दहा पोती तुसानं पडला नव्हता.

अंड्यांची खोकी फूट-फूट मापाची, चार-पाच कोंबड्यांना एक, आणि दांडीपेक्षा खाली. खोकी उंच असतील तर कोंबड्या रात्री तिथंच निजतात आणि सकाळची अंडी बरबटतात.

दार सहा फूट उंच, तीन फूट रुंद, आणि बाहेर उघडणारं. आत उघडणाऱ्या दाराला तूस अडतं. उंबरा बांधू नका. चौकटीला दोन्ही बाजूंना अँगलची खाच करून त्यात फूटभर रुंद फळी उभी बसवा. रोज ती तूस अडवते. धुण्याच्या दिवशी वर उचलली की खराट्यानं सगळं सरळ बाहेर. जुन्या शेडला चार फुटांचं दार आणि सहा इंचांचा उंबरा होता. वाकून, घमेलं उचलून, उंबरा ओलांडून तूस काढायला दोघींना दीड दिवस लागायचा. आता एक खण मी एकटी अर्ध्या दिवसात काढते.

खण रिकामा झाला की

आधी कोरडं झाडणं, मग खरवडणं, मग पाणी. हा क्रम चुकला, म्हणजे शीट असतानाच पाणी मारलं, की नुसता चिखल होतो आणि वरून टाकलेलं औषध घाणीतच जिरतं. धुण्याचा सोडा टाकून घासा, साध्या पाण्यानं धुवा आणि पूर्ण वाळू द्या. मग भिंतींना आणि जमिनीला चुना. सांध्यांवरून, दांड्यांच्या टोकांवरून ज्योतीची बंदूक फिरवली तर गोचीड आणि अंडी जळतात. त्या दिवशी आसपास तूस, पोती नकोत. नंतर दोन आठवडे खण रिकामा. घाई करून चार दिवसांत पक्षी भरले तर धुण्याची मेहनत निम्मी वाया जाते. निघालेलं तूस लगेच पिकाला घालू नका, खूप तापतं. झाकून दोन-तीन महिने कुजवलं की उत्तम कोंबडखत होतं.

पैसे कमी असतील तर काय आधी

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि खरा आहे. सगळं एकदम कुणालाच जमत नाही. माझ्या अनुभवानं क्रम असा. पाण्याची भांडी टांगणं आणि दांडीखाली ट्रे, हे याच आठवड्यात होतं, खर्च जवळजवळ नाही. मग पडदे उलटे करणं. मग मागून येणारं पाणी वळवायला चर, त्याला फक्त कुदळ लागते. पडवी असेल आणि मधे पन्हळ असेल तर पडवीचा पत्रा काढून मूळ छपरालाच पुढं वाढवा, भले चार कोंबड्या कमी बसल्या तरी चालेल. कोबा आणि जोतं शेवटी, पण ते करायचं तेव्हा दिवाळीनंतर, जमीन वाळल्यावर. पावसाळ्यात काळ्या मातीवर कुणी कोबा करून देतो म्हणाला तर नाही म्हणा.

आमचा तिसरा खण यंदा व्हायचा आहे. खड्डे मागच्याच वर्षी भरलेत, पाईप एक फूट बाहेर आलेले आहेत, आणि श्रावणाआधी दुसऱ्या खणात ६० च पक्षी राहतील असं बघितलंय.